‘चीकी’ म्हणजे नक्की किती आगाऊ?

तारकर्लीला पाहुण्यांसाठी खोल्या चालवणाऱ्यांना, रत्नागिरीकडून बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांना आणि क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना एक शब्द हमखास भेटतो : चीकी. शब्दकोश उघडला की ‘उद्धट’, ‘निर्लज्ज’ असे अर्थ समोर येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. इंग्लंडहून आलेली पाहुणी घरातल्या सात वर्षांच्या पोराकडे बघत हसून म्हणते, ‘ही इज अ चीकी लिटल मंकी!’ तिने पोराचं कौतुक केलेलं असतं. शब्दकोशाच्या भरवशावर राहिलेली आई मात्र त्याच्या पाठीत धपाटा घालून मोकळी होते.

उलटही घडतं. बोटीवरचा वरिष्ठ ‘डोन्ट बी चीकी विथ मी’ म्हणतो. ‘चीकी म्हणजे गमतीदार’ एवढंच पाठ असलेला नवा पोरगा त्यावर हसतो. त्याला दटावलेलं असतं, त्यामुळे ते हसू आणखी महागात पडतं.

म्हणून या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द चिकटवू नये. कोण, कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणालं, हे कळल्याशिवाय त्याचं मराठी ठरत नाही.

उच्चार सोपा आहे. फणसाचा चीक म्हणताना जो ‘चीक’ तोंडातून येतो तोच घ्यायचा आणि त्याला ‘ई’ लावायची. जोर पहिल्या अक्षरावर. ‘ची’ आखूड करून ‘क’ दाबला की शेंगदाण्याची चिक्की होते आणि समोरच्या इंग्रजाला काहीच कळत नाही.

‘चीक’ म्हणजे गाल. जुन्या इंग्रजीत हाच शब्द जबड्यासाठी होता. गालाला ‘आगाऊपणा’ हा अर्थ चिकटला तो 1840च्या सुमारास, आणि त्याच शतकात त्यावरून ‘चीकी’ हे विशेषण रूढ झालं. गालाचा आणि आगाऊपणाचा संबंध विचित्र वाटतो, पण इंग्रजीत उलट बोलण्यासाठी तोंडाच्या आसपासचे अवयव सर्रास वापरतात. ‘डोन्ट गिव्ह मी एनी लिप’ यात ओठ आहे, आणि फार बडबड करणाऱ्याचा जबडा काढतात. आपल्याकडे हे सगळं काम एकटं तोंड करतं : तोंड वर करून बोलणं, तोंडाला तोंड देणं, तोंडाळ असणं. गाल मात्र मराठीत गरीब. तो फार तर गालातल्या गालात हसतो. त्यामुळे ‘चीकी’चं मराठी गालाजवळ शोधू नये, तोंडाजवळ शोधावं.

आता मूळ मुद्दा. एखादं बोलणं ‘चीकी’ ठरतं ते बहुधा खालून वर जाताना. लहान मोठ्याला बोलतं, विद्यार्थी मास्तरांना, नोकर मालकाला, नवखा जुन्याला. त्यात मर्यादा ओलांडलेली असते, पण बोटभरच. आणि ज्याला बोललं तो, किंवा निदान बघणारा, ते पोटात घालतो. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण बोलणं ‘चीकी’ की ‘रूड’ हे बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो. आपणच बोलून आपणच ‘आय वॉज जस्ट बीइंग चीकी’ म्हणणं म्हणजे ‘मी मस्करी केली’ असं म्हणून अंग काढून घेणं. ते पटेलच असं नाही.

नात आजोबांना विचारते, ‘आजोनू, तुमी शाळेत होतास तेव्हा इतिहास शिकवीत होते, काय तो घडतच होतो?’ आजोबा ‘चेडवा, तोंड सांभाळ गो’ म्हणतात, पण मिशीखाली हसतात. हे चोख ‘चीकी’. हेच वाक्य नव्या जावयाने भरल्या पंगतीत सासऱ्यांना ऐकवलं तर ‘चीकी’ म्हणायला कोणी धजणार नाही. शब्द तेच असतात, पण पोटात घालणारं कोणी नसतं.

मालवणीत एकमेकांना ‘काय रे मेल्या, खय होतस?’ म्हणतात ते मात्र ‘चीकी’ नव्हे. तिथे दोघेही बरोबरीचे असतात आणि कोणीच मर्यादा ओलांडत नाही, कारण दोघांमध्ये ती आखलेलीच नसते. इंग्रजीत अशा दुतर्फी शब्दफेकीला ‘बँटर’ म्हणतात. ‘चीकी’ व्हायला पायरी लागते, चढायला.

ही पायरी नीट पाहायची असेल तर कोकणातलं नमन हे लोकनाट्य पाहावं. गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट अडवतो आणि दाण, म्हणजे वाटेची जकात, मागतो. त्याला उलट उत्तर देते ती मावशी. समोर साक्षात देव आहे, तरी ती त्याच्या चोऱ्या काढते, रंगाला नावं ठेवते, दाण देणार नाही म्हणून ठणकावते. देव रागावत नाही, मांडव हसतो. खालून वर, बोटभर मर्यादा सोडून आणि माफीची खात्री धरून केलेलं हे बोलणं इंग्रज माणसाला दाखवलं तर त्याच्या तोंडून ‘चीकी’ हाच शब्द निघेल. दशावतारी नाटकातला विनोदी राक्षस संकासूरही याच जातीचा. बाकीची पात्रं भारदस्त मराठी बोलत असताना हा मालवणीत भटाला कोपरखळ्या मारतो. पण शिमग्यातल्या फाका यात धरू नयेत. तिथे शिवी हाच विधी असतो, तिच्यात खट्याळपणाचा हिशेब नसतो.

आता मराठी शब्दांपैकी कोणता कुठे बसतो ते पाहू. ‘उद्धट’ आणि ‘उर्मट’ जवळजवळ कधीच बसत नाहीत. त्यांत हसू नाही, आणि त्यांना इंग्रजीत ‘रूड’ किंवा ‘इन्सोलंट’ आहेत. ‘आगाऊ’ सगळ्यात जवळचा. आगाऊ रक्कम म्हणजे वेळेआधी दिलेली रक्कम आणि आगाऊ पोर म्हणजे आपली पायरी सोडून पुढे गेलेलं पोर, ही पुढे जाण्याची कल्पना ‘चीकी’तही आहे. पण मराठी ‘आगाऊ’ थोडा कडक आहे. आई स्वतःच्या मुलाला तो लावते, दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या आईसमोर लावत नाही. ‘चीकी’ तसा लावता येतो. तिथे ‘खट्याळ’ किंवा ‘वात्रट’ बरा. ‘चीकी स्माइल’ला तर ‘खट्याळ हसू’ याहून चांगलं मराठी नाही.

‘चावट’ वापरताना जपावं. मराठीत चावटपणाला स्त्री-पुरुष संबंधांचा वास येतो. इंग्रजीत त्या वासाचा शब्द ‘सॉसी’ आहे. ‘चीकी’त तो कधीकधी असतो, पण मुळात नाही. मुलाच्या उत्तराला ‘चीकी’ म्हटलं आणि भाषांतरकाराने ‘चावट’ लिहिलं, की वाचणारा नको तिथे चमकतो. हाच ‘सॉसी’ अमेरिकेत जाऊन ‘सॅसी’ झाला. अमेरिकन माणूस ‘चीकी’ फारसा वापरत नाही. त्याच्या तोंडी ‘सॅसी’ येतं, किंवा लहान मुलाला दटावताना ‘डोन्ट गेट फ्रेश’. समोरचा माणूस ‘चीकी’ सहज वापरत असेल तर तो बहुधा ब्रिटिश, आयरिश, ऑस्ट्रेलियन किंवा न्यूझीलंडचा.

राहिला ‘खवचट’, कोकणाचा लाडका शब्द. कोकणी बोलण्याला लोक सरसकट खवचट म्हणतात, आणि त्यातलं बरंचसं खरं तर ‘चीकी’ असतं. फरक नांगीचा. खवचट बोलणं दुखवण्यासाठी असतं आणि ते कुठूनही कुठेही जातं, सासूकडून सुनेकडेसुद्धा. ‘चीकी’ बोलण्याला समोरच्याचं हसू हवं असतं. मासळीबाजारात गिऱ्हाईकाने पापलेट अर्ध्या भावाने मागितलं आणि मासेवाली म्हणाली, ‘दोनशेक? मगे नुसते काटे घेवन जावा!’ तर हे खवचट की ‘चीकी’? तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं. डोळे हसत असतील आणि हात पिशवीकडे गेला असेल तर ‘चीकी’. मान फिरवून ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली असेल तर खवचट.

याच प्रसंगात गिऱ्हाईकानेही ‘चीकी’पणा केलेला आहे. ‘चीकी ऑफर’ म्हणजे मालकाला हसू येईल इतका कमी भाव, पण अगदी अपमान वाटावा इतका कमी नव्हे. ब्रिटनमध्ये घर घेतानाही ‘वी पुट इन अ चीकी ऑफर’ असं राजरोस म्हणतात. मराठीत याचं सुटसुटीत रूप ‘अंदाज घ्यायला कमी भाव सांगितला’.

व्याकरणात एक गोष्ट आहे जी शिकवणीत सांगितली जात नाही आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त चुका होतात. विशेषण ‘चीकी’ हसतं, नाम ‘चीक’ रागावतं. ‘ही वॉज चीकी’ म्हटलं तर सूर बहुधा सौम्य. ‘ही हॅड द चीक टू आस्क फॉर हिज मनी बॅक’ म्हटलं की बोलणारा चिडलेला आहे : ‘वर तोंड करून पैसे परत मागितले!’ ‘व्हॉट अ चीक!’ आणि ‘ऑफ ऑल द चीक!’ हे उद्गारही खऱ्या संतापाचे, ‘काय निलाजरेपणा हा!’ या जातीचे. या अर्थाचं नाम अनेकवचनात येत नाही. ‘चीक्स’ म्हटलं की खरे गाल. ‘व्हॉट अ चीक’ सोडलं तर त्याआधी ‘अ’ही सहसा लागत नाही, ‘अ बिट ऑफ चीक’ म्हणतात. ब्रिटनमध्ये क्रियापदही आहे, ‘डोन्ट चीक युअर टीचर’, म्हणजे बाईंना उलट बोलू नको.

दुसरा बारकावा ‘यू आर चीकी’ आणि ‘यू आर बीइंग चीकी’ यांतला. पहिलं स्वभावाबद्दल, दुसरं आत्ताच्या वागण्याबद्दल. मराठीतही ‘तू आगाऊ आहेस’ आणि ‘तू आगाऊपणा करतोयस’ यांत हाच फरक आहे, त्यामुळे तो आपल्याला पटकन कळायला हवा. दटावताना इंग्रज बहुधा दुसरं वापरतात, कौतुकात पहिलं. कोणाशी हे सांगायला ‘टू’ किंवा ‘विथ’ लावतात : ‘चीकी टू हर ग्रँडफादर’. एखाद्या कृतीबद्दल बोलताना ‘ऑफ’ येतं : ‘दॅट वॉज चीकी ऑफ यू’. हे शेवटचं वाक्य आपल्याहून मोठ्या माणसाला म्हणू नये. मोठ्याला ‘चीकी’ म्हणणं हाच मोठा ‘चीकी’पणा, कारण तो शब्द लावण्याचा मान वरच्या पायरीवरच्याचा. ‘चीकी’च्या पुढे ‘सॉड’ किंवा ‘बगर’ जोडून ब्रिटिश मित्र एकमेकांना हाका मारतात. त्या दोन्ही शिव्या आहेत. इंग्रजी आपली शिकलेली भाषा असेल तर त्या ऐकाव्या, म्हणू नयेत.

पाहुण्यांच्या धंद्यात असलेल्यांनी एक वाक्य मात्र घोकून ठेवावं : ‘कॅन आय बी चीकी अँड आस्क फॉर अ लेट चेकआउट?’ यात उद्धटपणाचा लवलेश नाही, उलट फाजील नम्रता आहे. पाहुण्याला खोली उशिरा सोडायची आहे. तो हक्काने मागू शकत नाही हे त्याला कळतं, म्हणून तो आधीच स्वतःला आगाऊ म्हणवून घेतो. आपल्याकडे अशा वेळी ‘लाज सोडून विचारतो’ किंवा ‘राग मानू नका, पण’ म्हणतात. उत्तर ‘नॉट अ‍ॅट ऑल, लेट मी चेक’. जमत नसेल तर ‘सॉरी, द रूम इज बुक्ड फ्रॉम ट्वेल्व्ह’. ‘येस, यू आर चीकी’ हे उत्तर नको. विचारणाऱ्याने स्वतःकडे घेतलेला कमीपणा आपण कबूल करायचा नसतो. ‘लाज सोडून विचारतो’ म्हणणाऱ्याला आपणही ‘हो, लाज नाहीच तुम्हाला’ म्हणत नाही.

आणखी एक वापर माणसाला लागत नाही, वस्तूला लागतो. ‘अ चीकी पाइंट’ म्हणजे घरी जाता जाता हळूच मारलेला बिअरचा एक ग्लास. ग्लास उद्धट नसतो. पिणारा किंचित चोरून, किंचित वेळेबाहेर मजा करत असतो. 2015मध्ये ‘चीकी नँडोज’ हा शब्दप्रयोग इंटरनेटवर फार गाजला. नँडोज ही कोंबडीच्या पदार्थांची उपाहारगृहं, आणि तिथे ठरवून नव्हे तर मित्रांबरोबर अचानक जाणं म्हणजे ‘चीकी’. अमेरिकन लोकांना त्याचा अर्थ लागेना आणि ब्रिटिशांना समजावून सांगता येईना. मराठीला मात्र हे अजिबात जड नाही. इथे विशेषण सोडून द्यायचं आणि क्रियाविशेषण घ्यायचं : हळूच, गुपचूप. आई सुरमई तळत असताना पानं मांडण्याआधीच तव्यावरची एक तुकडी उचलली, तर ती ‘अ चीकी पीस ऑफ फिश’, म्हणजेच ‘हळूच उचललेली तुकडी’. ‘उद्धट मासा’ असं यंत्राने केलेलं भाषांतर दिसलं तर चूक कुठे झाली हे आता कळेल.

क्रिकेटने हा शब्द सर्वांत दूरवर पोचवला. ‘चीकी सिंगल’ला मराठी समालोचक ‘चोरटी धाव’ म्हणतात आणि ते भाषांतर उत्तम आहे, तरी दोघांची नजर वेगळी. चोरटी म्हणताना धाव चोरली याकडे लक्ष जातं. ‘चीकी’ म्हणताना क्षेत्ररक्षकाला जुमानलं नाही, याकडे. चेंडू त्याच्यापासून चार पावलांवर मऊ हाताने सोडून फलंदाज पळतो, म्हणजे तो त्याला तोंडावर सांगतो की तुझ्या फेकीची मला भीती नाही. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मारलेल्या स्कूपलाही समालोचक ‘चीकी’ म्हणतात. तिलकरत्ने दिलशानने 2009च्या टी-20 विश्वचषकात तो गाजवला, आणि आता गावोगावच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांतही पोरं तो गुडघ्यावर बसून खेळतात. फटका फसला तर त्याला कोणी ‘चीकी’ म्हणत नाही, ‘सिली’ म्हणतात. यश मिळालं तरच आगाऊपणा गोड होतो.

फुटबॉलमध्ये याचा नमुना 20 जून 1976 रोजी बेलग्रेडला दिसला. युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनिन पानेन्काने पश्चिम जर्मनीविरुद्ध निर्णायक पेनल्टी जोराने न मारता मधोमध अलगद उचलून टाकली. गोलरक्षक आधीच एका बाजूला झेपावला होता. अजूनही कोणी अशी पेनल्टी मारली की इंग्रजी समालोचकाच्या तोंडी ‘चीकी’ येतं.

लिहिताना हा शब्द कुठे टाळावा, तेही सांगायला हवं. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव अ चीकी नेचर’ लिहू नये. बँकेच्या, कचेरीच्या पत्रात हा शब्द येतच नाही. पाहुण्याने संकेतस्थळावर लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर देताना ‘थँक्स फॉर युअर चीकी रिव्ह्यू’ म्हटलं तर त्याने खोडी काढली असा आरोप होतो. प्रौढ बाईला ‘चीकी गर्ल’ म्हणणं तिला लहान लेखणं होय. कपड्यांच्या दुकानात अंतर्वस्त्रांवर ‘चीकी’ छापलेलं दिसलं तर तिथे गाल चेहऱ्याचे नसतात. ढुंगणालाही इंग्रजीत ‘चीक्स’ म्हणतात आणि तो कापडाच्या कमी-जास्त बेताचा शब्द आहे. ‘टंग इन चीक’ हाही वेगळाच. जीभ गालात धरून, म्हणजे गंभीर चेहऱ्याने मिस्कील बोलणं. त्यात पायरी ओलांडलेली असेलच असं नाही.

मराठीतून इंग्रजीत जाताना उलटी अडचण येते. आपल्याकडे नुसत्या सर्वनामाने आगाऊपणा करता येतो. धाकटा भाऊ थोरल्याला सकाळी दहा वाजता ‘काय साहेब, आज लवकर उठलात?’ म्हणतो. जादा आदर हाच त्याचा खट्याळपणा. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ‘उठलात’मधली गंमत हवेत विरते. मग ‘अप अर्ली टुडे, युअर मॅजेस्टी?’ असं काहीतरी करून तो आदर शब्दांत भरावा लागतो. कोणी असं म्हटलं तर ऐकणारा हसून म्हणेल, ‘चीकी!’ एकट्या शब्दाने दिलेली ही दाद फार वापरातली आहे आणि मराठी ‘वात्रट!’ तिच्या जागी तंतोतंत बसतो.

शेवटी एक अर्थ असा, जो माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या इंग्रजीत ‘चीकी’ म्हणजे खोडकर नव्हे, तर घातक, विषारी, अंगावर येणारा. ‘चीकी स्नेक’ म्हणजे विषारी साप, ‘चीकी डॉग’ म्हणजे चावरा कुत्रा. तिथे ‘चीकी याम’ नावाचा एक कंद आहे. तो कडू, आणि तसाच खाल्ला तर बाधतो, म्हणून तो किसून, पुष्कळ पाण्यात धुऊन मगच खातात. हा कंद कोकणाला परका नाही. वेलीला लटकणारे, खरखरीत सालीचे, उकडून मीठ लावून खाल्ले जाणारे आपले करांदे त्याच वेलीचे, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. त्यातलाही कडू करांदा कोणी ओळख पटल्याशिवाय तोंडात घालत नाही. तिथल्या डार्विन शहराकडच्या कोणा आदिवासी माणसाने एखाद्या जनावराकडे बोट दाखवून ‘दॅट वन चीकी’ म्हटलं, तर कौतुकाने पुढे जाऊ नये, दोन पावलं मागे यावं.